सोलापुरात गेमिंगसाठी प्रोसेसर निवडताना: माझा अनुभव

व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम खेळताना समोरून दोघं-तिघं एकदम आले, धुराचे गोळे पडले, की माझ्या स्क्रीनवरचं चित्र अडखळायचं. तेही नेमकं नेम धरायच्या क्षणी. १५० च्या आसपास चाललेला एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) एकदम ६० वर यायचा. मशीन जुनं: इंटेलचा कोअर आय३ ९१००एफ प्रोसेसर, म्हणजे चार कोअर (काम करणारे भाग) आणि चारच थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या ओळी). सोबत जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड आणि ८ जीबीच्या दोन रॅम.

मित्र म्हणाला, "लका, थेट आय७ घे, विषय संपला." नवी पेठेतल्या एका दुकानात ग्राफिक्स कार्ड बदला म्हणाले. खिशात पंचवीस हजार, त्यामुळे चुकीच्या वस्तूवर ते गेले तर पुढचं वर्षभर काही करता येणार नव्हतं. म्हणून आधी आजार नेमका कुठे आहे ते शोधायचं ठरवलं.

खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसर आणि कार्डाचा वापर दिसेल अशी सोय केली. व्हॅलोरंटमध्ये कार्ड ५५ टक्क्यांवर निवांत, आणि चारही कोअर शंभराला टेकलेले. मग रिझोल्यूशन, म्हणजे चित्राची बारकाई, १०८० वरून ७२० वर आणलं. कार्डाचं काम निम्म्याहून कमी झालं, तरी एफपीएस जिथल्या तिथे. म्हणजे अडवणूक प्रोसेसरची. तीच चाचणी एका रेसिंग गेमवर केली, तर तिथे उलटं: कार्ड ९७ टक्क्यांवर आणि ७२० केल्याबरोबर आकडा झपाट्याने वर. एकाच मशीनमध्ये गेमनुसार दोषी बदलतो, हे मला तेव्हा कळलं. मी रोज खेळतो ते व्हॅलोरंट, तेव्हा प्रोसेसरच बदलायचा.

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे त्याच मदरबोर्डावर जुना आय७ ९७०० बसवणं. आठ कोअर मिळाले असते, पण वापरलेला, वॉरंटी नाही, आणि माझा बोर्ड अगदी साधा. ते सोडलं. एएमडी कंपनीचा रायझन ५ ७६०० मनापासून आवडला होता, पण त्याला डीडीआर५, म्हणजे नव्या पिढीची रॅमच लागते. म्हणजे बोर्डासोबत रॅमही नवी. बजेट तिथेच मोडलं.

उरले दोन, कोअर आय५ १२४००एफ आणि रायझन ५ ५६००. दोन्ही २०२२ चे, दोन्ही सहा कोअर आणि बारा थ्रेडचे, दोन्हींवर माझी डीडीआर४ रॅम चालते. खेळात फरक इतका थोडा, की एकाला वाईट म्हणणं अन्याय होईल. मी रायझनकडे झुकलो, कारण त्याच एएम४ (रायझन बसतो त्या खाचेच्या) बोर्डावर पुढे कधी ९६ एमबी कॅशवाला (कॅश म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी) ५८००एक्स३डी किंवा ५७००एक्स३डी बसवता येतो.

कॅशचं महत्त्व मला वडिलांच्या कामावरून पटलं. ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर होते. भरलेल्या कांड्या हाताशी असल्या की माग थांबत नाही. दर वेळी गोदामात जावं लागलं की कापड मागे पडतं. प्रोसेसरचंही तसंच, लागणारी माहिती कॅशमध्ये सापडली तर रॅमपर्यंतची खेप वाचते. म्हणून दुकानदाराने "५६००जी घ्या, तेच आहे, वर ग्राफिक्स फुकट" म्हटल्यावर मी थांबलो. तेच नाही. ५६०० मध्ये ३२ एमबी कॅश, ५६००जी मध्ये १६. ज्याच्याकडे कार्ड नाही त्याला जी उत्तम. माझ्याकडे कार्ड होतं.

बोर्ड बी४५० घेतला, म्हणजे एएम४ मधलाच जुना प्रकार, स्वस्त म्हणून. घरी जोडला तर पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी. दोन रात्री केबल काढून-घालून पाहिल्या, रॅम बदलून पाहिली. शेवटी कळलं, बोर्डातलं बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) ५६०० येण्याआधीचं, त्याला हा प्रोसेसर ओळखताच येत नव्हता. दुकानात नेला, त्यांनी जुना रायझन बसवून बायोस अपडेट करून दिलं. बी४५० घेणाऱ्याने हे काम पैसे देण्याआधी दुकानातच, डोळ्यांसमोर करून घ्यावं. काही बोर्डांवर प्रोसेसर न बसवताही बायोस बदलता येतं, त्यासाठी मागे वेगळं बटण असतं. तसा मिळाला तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

आणखी एक. माझी रॅम ३२०० ची, पण नव्या बोर्डावरही आधी २४०० वरच चालत होती. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केल्यावर खरा वेग मिळाला. रायझनला त्याचा चांगला फायदा होतो.

हे सगळं मे महिन्यात, आणि आमची वरची खोली पत्र्याची. प्रोसेसर ६५ वॅटचा, सोबत आलेलाच कूलर लावला होता. दुपारी खेळताना तापमान ८२ पर्यंत जायचं. कॅबिनेटला मागे एक पंखा लावला, तेव्हा ७५ वर आलं.

आता व्हॅलोरंट गर्दीतही १४४ च्या खाली येत नाही, आणि माझा मॉनिटरही सेकंदाला तेवढीच चित्रं दाखवतो. रेसिंग गेममध्ये मात्र चार-पाच एफपीएसचाच फरक पडला, आणि तो अपेक्षितच होता.

आय७ घे म्हणणाऱ्या मित्राला स्वतःलाही आय७ घ्यायचा होता. परवा त्याच्या घरी, जुळे सोलापूरला, त्याच्या मशीनवर ७२० ची चाचणी करून पाहिली. त्याचं कार्ड ९८ टक्क्यांवर होतं, आणि प्रोसेसर अर्धा मोकळा. त्याने प्रोसेसरची ऑर्डर तिथल्या तिथे रद्द केली.