महिनाभर ठेवून घ्या आणि शिकवून द्या

सोमवार

दुपारी वाकडहून फोन आला. दहा महिन्यांचा बेल्जियन मॅलिनॉय, दोन बेडरूमचा फ्लॅट, नवरा-बायको दोघंही आयटीत. कुत्रा सोफा फाडतो, लिफ्टमध्ये लोकांच्या अंगावर जातो, आणि परवा वॉचमनच्या पँटीला धरल्यापासून सोसायटीच्या ग्रुपवर बोंबाबोंब चालू आहे. मागणी नेहमीचीच. "दादा, महिनाभर तुमच्याकडे ठेवून घ्या आणि शिकवून द्या. पैशाचं टेन्शन घेऊ नका."

मी नाही म्हटलं.

पुण्यात घरोघरी जाऊन कुत्री शिकवायचं हे काम मी पोटासाठी करतो, त्यामुळे असं नाही म्हणताना आकडा डोळ्यांसमोर असतो. कुत्रा महिनाभर ठेवून घ्यायला लोक २५-३० हजार द्यायला तयार असतात. शहराबाहेर एक शेड भाड्याने घेतली, त्यात चार-पाच कुत्री ठेवली, की महिना लाखाच्या वर जातो. घरी जाऊन शिकवण्याचे मी भेटीमागे १,००० रुपये घेतो. वाकड, कोथरूड, हडपसर करत दिवसाला चार भेटी होतात, पाचवी झाली तर रात्रीचे साडेनऊ वाजतात. लोक ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यानंतर मोकळे असतात, म्हणून सकाळचे सहा ते दहा आणि संध्याकाळचे पाच ते नऊ एवढाच माझा धंद्याचा वेळ. मधली दुपार रिकामी आणि पेट्रोल माझं.

तरी नाही, कारण कुत्रा जे शिकतो ते जागेसकट आणि माणसासकट शिकतो. माझ्या आवाजावर, मोकळ्या जमिनीवर, सकाळी सात वाजता तो बसायला शिकला म्हणजे वाकडच्या लिफ्टमध्ये दार उघडून अचानक अनोळखी माणूस समोर आल्यावर तो बसेल, असं होत नाही. अडचण लिफ्टमध्ये आहे, तर शिकवणही तिथेच व्हायला हवी आणि ती त्याच्याच माणसांच्या हातून. शिवाय शेडच्या दाराआड काय चालतं ते मालकाला दिसत नाही. ओळखीतले एक-दोघं हे काम प्रामाणिकपणे करतात. पण चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) आणि काट्याच्या पट्ट्यावर महिना काढलेली कुत्रीही मी बघितली आहेत. घरी येतात तेव्हा एकदम गप्प असतात. घरचे खूश होतात, "किती शहाणा झाला!" म्हणतात. मी बघतो तेव्हा तो कान मागे टाकून, अंग चोरून, कोपऱ्यात बसलेला असतो. कुणाकडेही पाठ करायची त्याची तयारी नसते.

फोनवर त्या दोघांना एवढंच सांगितलं की तूर्त लिफ्ट बंद, जिन्याने न्या. मुसकं आणा, पण लगेच बांधू नका. आठवडाभर नुसतं त्यात खाऊ ठेवून त्याला स्वतःहून तोंड घालू द्या. सकाळचं खाणं भांड्यात न देता बाल्कनीभर पसरा, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून द्या, वासाने शोधू दे. मॅलिनॉय ही मेंढरं राखायला तयार झालेली आणि आज सैन्यदलांत वापरली जाणारी जात. दिवसभर काम मागते. त्या डोक्याला काम दिलं नाही तर तो सोफ्यावर काम काढणारच. पुढची भेट ठरवायची तर दोघंही घरी असताना, हे बजावलं. विचार करून सांगतो म्हणाले.

मंगळवार

कोथरूडला निवृत्त काका-काकूंकडे गेलो. जर्मन शेफर्ड, दोन वर्षांचा, नाव शेरू. जेवताना कुणी जवळ गेलं की गुरगुरायचा. आधी कुणीतरी काकांना सांगितलं होतं की भांडं मधेच काढून घ्या, गुरगुरला की नाकाडावर फटका द्या, मालक कोण ते कळलं पाहिजे. काकांनी ते मनापासून केलं. गुरगुरणं बंद झालं आणि गेल्या महिन्यात शेरूने जराही आवाज न करता काकांचा अंगठा फाडला. टाके पडले.

हे सगळ्या नवीन लोकांना सांगावं लागतं आणि मी न कंटाळता सांगतो. गुरगुरणारा कुत्रा चांगला कुत्रा असतो. तो सांगतोय की मला भीती वाटते, तिथेच थांबा. हे सांगण्याबद्दल मार खाल्ला की तो सांगायचं सोडतो, भीती मात्र तशीच राहते. मग मधली पायरीच उरत नाही आणि तो थेट चावतो. त्याच्याही आधीच्या खुणा असतात. खाता खाता अंग ताठ होतं, खाण्याचा वेग वाढतो, मान भांड्यावर आणखी खाली जाते, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागतं. या खुणा घरातल्या प्रत्येकाला ओळखता आल्या पाहिजेत, कामवाल्या मावशींनाही.

श्रावण असल्यामुळे काकूंकडे चिकन चालत नाही, म्हणून पनीरचे तुकडे केले होते. शेरूचं भांडं बाल्कनीच्या दाराशी. काकांनी आठ फुटांवरून चालत जायचं, न थांबता पनीरचा तुकडा भांड्याकडे टाकायचा आणि पुढे निघून जायचं. त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. माणूस जवळ आला की आपलं खाणं कमी होत नाही, त्यात भर पडते, हे कुत्र्याच्या अंगात मुरेपर्यंत हेच करायचं. सात फुटांवर ठीक होतं. पाच फुटांवर शेरूचं अंग ताठ झालं, तेव्हा आम्ही परत सातावर गेलो. काका वैतागले. "असं किती दिवस चालायचं?" पट्टी बांधलेल्या अंगठ्यामुळे त्यांना तुकडा नीट धरता येत नव्हता आणि हातही थोडा थरथरत होता. दर खेपेला ते हात पँटीला पुसत होते. भीती दोघांनाही होती, त्यातल्या एकाची तेवढी बोलून दाखवण्याची सोय नव्हती.

मग एका फेरीला शेरूने काकांची पावलं ऐकली आणि खाणं सोडून मान वर केली. तोंड सैल, जीभ जराशी बाहेर, शेपटी मुळापासून हलतेय, नजर काकांच्या हातावर. काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "अहो, वाट बघतोय तो तुमची."

काका तिथेच उभे राहिले. मला त्यांना "चालत राहा" असं सांगावं लागलं.

गुरुवार

पहाटेपासून धो धो. दोन भेटी रद्द झाल्या. पावसाळ्यात हे चालायचंच. मे महिन्यात लोक गावाला जातात आणि दिवाळीच्या आधी फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांचे फोन शेवटच्या चार दिवसांत एकदम येतात. त्या चार दिवसांत शिकवण्यासारखं काहीच नसतं, फक्त डॉक्टरांकडे पाठवता येतं. उत्पन्न असं वरखाली होत राहतं म्हणून मी आठ भेटींचे पैसे धरतो आणि निम्मे आधी घेतो. आधी न घेतल्यास तिसऱ्या भेटीनंतर फोन बंद होतो, कारण कुत्र्यात थोडा फरक पडलेला असतो आणि घरच्यांना वाटतं, काम झालं. महिन्याभरात कुत्रा पहिल्या जागी येतो आणि नाव ट्रेनरचं जातं.

दुपारी हिशेब लिहिताना वडील शेजारी येऊन बसले. लग्नाकार्यात अजून कुणी ना कुणी विचारतंच, "म्हणजे कुत्री फिरवतोस का?" एके काळी वडीलच पाहुण्यांना सांगायचे की प्राण्यांच्या दवाखान्यात आहे. ते वारीला जाणारे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्याच्या मागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट मला त्यांनीच लहानपणी सांगितली. आता कुणी विचारलं की तीच गोष्ट सांगतात आणि वर माझा नंबर देतात. त्यातून दोन कामंही आली आहेत.

लोकांच्या मनात खरी गोंधळाची गोष्ट अशी की या धंद्याला आपल्याकडे परवाना नाही, परीक्षा नाही. उद्या कुणीही पाटी लावावी. त्यामुळे गिऱ्हाईक चेहरा आणि दर बघतं, किंवा पोलिसांच्या कुत्र्यांचे व्हिडिओ दाखवून "असा करून द्या" म्हणतं. मग मी त्यांना शिवाजीनगरच्या सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्राबद्दल सांगतो. तिथे कुत्रा एकटा शिकत नाही, त्याचा हँडलरही सोबत शिकतो. दोघं मिळून महिनोन्‌महिने घाम गाळतात आणि पुढे नोकरीभर बरोबर राहतात. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर ज्या झंजीर नावाच्या लॅब्रॅडॉरने स्फोटकांचे साठे हुंगून काढले, त्याच्या पट्ट्याचं दुसरं टोकही कुणाच्या तरी हातात होतं. पोलिसांसारखा कुत्रा हवा असेल तर पोलिसांसारखं रोज त्याच्याबरोबर राबायला हवं. हे सांगितल्यावर बरेच जण गप्प होतात आणि काही जण खरंच तयार होतात.

मारल्याशिवाय मोठी कुत्री ऐकत नाहीत, असा वादही दर महिन्याला होतो. अमेरिकेतल्या प्राणिवर्तन तज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढलं आहे की सगळ्या कुत्र्यांना बक्षिसाच्याच पद्धतीने शिकवावं, आणि त्यात आक्रमक कुत्रीही आली. त्याची प्रत माझ्या बॅगेत असते. माझ्या शब्दापेक्षा डॉक्टरांच्या शब्दाला वजन आहे, तर ते वापरायला मला संकोच नाही.

शनिवार

नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालू झालाय. गणपती अजून लांब आहेत, पण नदीकाठच्या घरांतली कुत्री आत्तापासून पलंगाखाली शिरायला लागली.

एरंडवण्यातली राणी त्यातलीच. गावठी, रस्त्यावरून उचललेली, वय दीड वर्षाच्या आसपास. तिची मालकीण रुग्णालयात नर्स आहे, एका खोलीत राहते. संध्याकाळी पहिला ठोका पडला की राणी मोरीत बादलीमागे जाऊन बसते आणि रात्री दहापर्यंत पाणीही पीत नाही. रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्यांसाठी मी निम्मेच पैसे घेतो, आणि तेही ताई दोन हप्त्यांत देते. ते मला परवडतं की नाही हा हिशेब मी मुद्दाम वेगळ्या वहीत ठेवत नाही. गावठी कुत्र्यांइतकं झटपट शिकणारं जनावर मी बघितलेलं नाही. त्यांच्यासाठी कुणी ट्रेनर बोलावतं याचाच मला आनंद होतो.

रिक्षाने राणीला नदीपासून एवढं लांब नेलं की ढोल जेमतेम ऐकू यावा. ठोका ऐकू आला की चिकनचा तुकडा. ठोका नाही तर तुकडाही नाही. ठोका आधी आणि तुकडा मागाहून, हा क्रम चुकला तर सगळं फुकट. मोजमाप एकच, ती खाते की नाही. आवडतं चिकन नाकासमोर धरूनही तिने तोंड फिरवलं, जांभई दिली, ओठ चाटले, की आपण फार जवळ आलो. मागे फिरायचं. आज कर्वे रोडच्या अलीकडच्या गल्लीपर्यंत खाल्लं. पुढच्या चौकात ताशा कडकडला तसा तिने तुकडा तोंडातून खाली टाकला. लगेच परत निघालो. ताईला वाईट वाटलं. मी तिला सांगितलं, मागच्या शनिवारी ही रिक्षातून उतरतसुद्धा नव्हती.

मिरवणुकीच्या दिवशी मात्र कोणतंही शिक्षण नाही. आतली खोली, खिडक्या बंद, पंखा जोरात, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध वेळेवर. धीर धरायला शिकवायच्या नावाखाली त्या दिवशी कुत्र्याला रस्त्यावर उतरवणाऱ्या माणसाला माझ्याकडून काहीही शिकायला मिळणार नाही.

रविवार

सकाळी बाणेरच्या सोसायटीत पिल्लांचा वर्ग. शेड न टाकता घर चालवायचं तर हाच रस्ता मला सापडलाय. सहा घरं, प्रत्येकी ५०० रुपये, एक तास, आणि जायचं-यायचं एकदाच. एकेका घरी जाऊन एवढ्या वेळात याच्या निम्मेही मिळत नाहीत. शिवाय पिल्लं वेळेत हाताशी लागतात.

वेळेत म्हणजे साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. तेव्हा बघितलेलं, ऐकलेलं, हुंगलेलं कुत्र्याला पुढे ओळखीचं वाटतं. नेमक्या याच काळात लशी चालू असतात आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाच्या भीतीने डॉक्टर बाहेर काढू नका म्हणतात. दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. म्हणून मी म्हणतो, जमिनीवर ठेवू नका, कडेवर घेऊन फिरा. भाजीबाजाराच्या टोकाला उभे राहा, छत्री उघडून दाखवा, हेल्मेट घातलेला माणूस दाखवा, प्रेशर कुकरची शिट्टी लांबून ऐकवा. वर्गात पहिला डोस झालेलीच पिल्लं घेतो आणि फरशी आधी धुऊन घेतो.

आजच्या सहांतली दोन पिल्लं पस्तीस-चाळीस दिवसांची असताना विकली गेलेली. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, असं २०१७ च्या केंद्राच्या नियमांत आहे, पण विकणारे विकतात. भावंडांत खेळताना जोरात चावलं की खेळ थांबतो, हे शिकायच्या आतच ती आईपासून तुटतात. मग घरातल्या पोरांच्या पोटऱ्यांवर ओरखडे उठतात आणि ते पिल्लू "आक्रमक" ठरतं. या दोघांना मी दुसऱ्या सोसायटीतली एक शांत, मोठी लॅब्रॅडॉर आणून भेटवतो. जे मला महिना लागला असता ते ती दोन भुंकण्यांत समजावते.

वर्गानंतर एक मुलगा थांबला होता. बारावी झालेला, याच सोसायटीत कुत्री फिरवतो. मला हे काम शिकवा म्हणाला. महिन्याला किती सुटतात, हेही विचारलं. मी खरा आकडा सांगितला, मेचा आणि जुलैचाही. पहिलं वर्षभर कुत्री फिरवायचं काम सोडायचं नाही, कारण घरात नियमित काहीतरी आलं पाहिजे. पहिले दोन महिने माझ्याबरोबर येऊन नुसतं बघायचं, कुत्र्याला हात लावायचा नाही, आणि घरी जाऊन जे दिसलं ते वहीत लिहायचं. भेटीमागे २०० रुपये आणि पेट्रोल मी देईन. पट्टा ओढणाऱ्या, हात उगारणाऱ्या घरात मी पुढची भेट घेत नाही, तेव्हा त्या दिवशी तुलाही मिळणार नाहीत. चावलं तर साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आधी रेबीजची लस घेतलेली असली तरी चावल्यावर डोस घ्यावेच लागतात.

त्याने सगळं मोबाइलवर टिपून घेतलं. लस कुठे मिळते विचारलं. मी दवाखाना सांगितला आणि म्हटलं, लस पूर्ण झाली की फोन कर, पहिल्या दिवशी कोथरूडला जाऊ.