‘आमच्या पोरीला तिकडं लाव की’

मिरज-सांगलीकडून फोन आला की आधी तब्येत, मग पाऊस, मग कृष्णेचं पाणी, आणि मग ठरलेलं वाक्य येतं. "आमच्या पोरीला तिकडं लाव की." पोरगी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेली असते किंवा बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असते, आणि मी जर्मनीत एका दवाखान्यात नर्स आहे. आजवर मी यावर "आधी बी-टू करू दे" एवढंच म्हणत आले. बी-टू म्हणजे जर्मन भाषेच्या परीक्षेची एक पातळी. त्यानंतर पलीकडे जी शांतता पसरते तिचा अर्थ मला कळतो. हिला सांगायचं नाही, स्वतः गेली आणि मागं दार लावून घेतलं. मागच्या सुट्टीत एका जवळच्या बाईंनी तर तोंडावर विचारलं, "किती भरलेस ते तरी सांग." तुम्ही सगळ्यांनी इतक्यांदा विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

आधी पैशाचं. मी एजंटाला काही भरलं नाही. ज्या दवाखान्याला नर्स हवी होती त्याने एजन्सीची फी दिली, तिकीट दिलं. माझा खर्च झाला तो जर्मनच्या क्लासचा, परीक्षेचा, मार्कशीटच्या भाषांतरांचा, पुण्याच्या हेलपाट्यांचा. तो काही थोडका नव्हता, आईच्या पाटल्या त्यापायी गहाण पडल्या होत्या. पण ‘सीट’ म्हणून कुणाच्या हातावर मी रक्कम ठेवली नाही. नर्सला बाहेरून आणायचा खर्च मालकाने करायचा, हे तत्त्व जर्मनीत मानलेलं आहे. ते पाळणाऱ्या एजन्सीला २०२२ पासून सरकारी शिक्का मिळतो. आपल्याकडेही १९८३ चा कायदा आहे. परदेशी नोकरीला लावणारा एजंट सरकारदरबारी नोंदलेला लागतो, आणि त्याला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. तुम्ही मला चार लाख, पाच लाख असे आकडे सांगता आणि वर विचारता, "माणूस चांगला आहे ना?" मी त्या माणसाला ओळखत नाही. आकडा ऐकला की मला पुढचं ऐकायची गरज वाटत नाही.

‘लावणं’ हा शब्द तुम्ही कुठून आणता तेही मला माहीत आहे. माझं आजोळ विट्याजवळ. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात गेलेली माणसं कुठल्या राज्यात नाहीत? माझे मामा तामिळनाडूत गेले. मामांनी भाच्याला नेलं, भाच्याने मेहुण्याला. पोरगं शाळेत रमत नाही म्हटलं की त्याला गाडीत बसवायचं. आधी दुकानाची झाडलोट, मग भट्टी, मग ॲसिड, मग सोन्याचा कस ओळखायचा, आणि काही वर्षांनी स्वतःचं दुकान. भाषा तिथं गेल्यावर आपोआप. माणसाने माणसाला लावलं म्हणून आमच्याकडची कित्येक घरं उभी राहिली. त्याला मी नावं ठेवणार नाही, त्याच पैशावर माझी आई शिकली. पण इथं माझं दुकान नाही. मी तुमच्या पोरीला माझ्या हाताखाली ठेवून घेऊ शकत नाही. माझ्या शब्दावर तिला कुणी व्हिसा देत नाही. तिच्या परीक्षेला मला बसता येत नाही.

"मग केरळच्या मुली कशा जातात?" हेही ऐकवलं जातं. त्यांच्या सरकारची नोर्का नावाची संस्था आहे. जर्मनीच्या रोजगार खात्याशी तिचा २०२१ पासून करार आहे. शिवाय प्रत्येकीची कुणी ना कुणी चेची, म्हणजे ताई, कुठल्या तरी वॉर्डात आधीच असते. माझ्याच वॉर्डात दोघी आहेत, आणि त्यांचा आधार मलाही मिळाला, तो नाकारत नाही. पण परीक्षा त्यांनीही दिली. महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये मी राहते त्याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केलाय. चांगलं झालं, व्हायलाच हवं होतं. पण त्याचीही सुरुवात जर्मनच्या क्लासनेच होते.

ती बी-टूची परीक्षा म्हणजे वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकात शंभरापैकी साठ गुण. त्यानंतर इथलं सरकारी कार्यालय तुमच्या अभ्यासक्रमाचे तास मोजतं, त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतं आणि काय कमी आहे त्याचं पत्र देतं. ती कमी भरून काढायला एक तर कोर्स करायचा नाहीतर ज्ञान तपासणारी परीक्षा द्यायची. तोवर तुम्ही नर्स नाही. हेल्पर. मिरजेत तुम्ही आयसीयू एकटीने सांभाळलेला असो, इथल्या कागदावर हेल्पर, आणि पगार हेल्परचा. त्यातून कर आणि विमे मिळून साधारण एक तृतीयांश जातात. घरात टीव्ही नसला तरी रेडिओ-टीव्हीचे महिन्याला १८.३६ युरो जातात. हे फोनवर कुणी विचारत नाही आणि एजंट सांगत नाही.

आणि काम. "तिकडं म्हाताऱ्यांची अंगं पुसतीस म्हणे?" हा प्रश्न बायका आवाज खाली आणून विचारतात, माझ्यावर काही प्रसंग ओढवल्यासारखा. हो, पुसते. आपल्याकडे पेशंटजवळ नातेवाईक असतो. स्पंजिंग तो करतो, भरवतो तो, बेडपॅनला वॉर्डातल्या मावशी असतात, आणि सिस्टर म्हणजे सलाईन, इंजेक्शन, औषधं, रिपोर्ट. इथं नातेवाईक दुपारी येतो, फुलं ठेवतो आणि जातो. अंघोळ, दात, भरवणं, कूस बदलणं, संडास, सगळं नर्सचं. उलट कॅन्युला, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवायची नळी, मी मिरजेत दिवसभर घालायचे, ते काम माझ्या वॉर्डात डॉक्टर करतात. सुरुवातीचे काही महिने मला याची लाज वाटायची. व्हिडिओ कॉलवर आईला मी ‘वॉर्डात असते’ एवढंच सांगायचे. आता वाटत नाही, कारण पाठ पुसताना जखम सुरू झालेली दिसते, पाय धुताना सूज कळते. पण तुमच्या त्या खालच्या आवाजाचा राग अजून येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

आता मूळ सांगायचं ते. "बी-टू करू दे" असं मी का म्हणते ते.

मी हेल्पर असतानाची गोष्ट. संध्याकाळची ड्युटी होती. खुब्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा, हृदयाचा जुना आजार. मी त्यांना रात्रीसाठी आवरायला गेले. त्यांना आडवं व्हायचं नव्हतं. पलंगाच्या कडेला बसून, दोन्ही तळवे मांड्यांवर रोवून ते श्वास घेत होते. मोजा काढला तर त्याच्या पट्टीचा खड्डा घोट्याच्या वर तसाच राहिला. बोलताना दोन शब्दांनंतर थांबत होते. ओठांचा रंग मला आवडला नाही. मी पाठीला कान लावला, खाली दोन्ही बाजूंना बारीक बुडबुडे येत होते.

फुप्फुसात पाणी भरत होतं. मिरजेत हे मी किती पाहिलंय! तिथं डॉक्टर जिन्यात असतानाच माझा ऑक्सिजन लागलेला असायचा, लाइन तयार, अंगातलं जादा पाणी काढणाऱ्या लॅसिक्सची ॲम्प्यूल हातात. इथं मी डोक्याकडचा पलंग पूर्ण वर केला, आणि तेवढंच माझ्या हद्दीत होतं. भिंतीवरचं तातडीचं बटण हृदय बंद पडलं तरच दाबायचं, असं मला बजावलेलं होतं. मी बाहेर गेले. ड्युटीवरची नर्स ट्रॉलीवर रात्रीच्या गोळ्या लावत होती. मी म्हटलं, त्या खोलीतल्या पेशंटचा श्वास बरा नाही. ती मान न वळवता म्हणाली, ते रोज संध्याकाळी असंच करतात, त्यांना रात्रीची भीती वाटते.

मी परत गेले. आजोबांनी काहीतरी सांगितलं, तिकडच्या बोलीत, मला ते समजलं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं ते मात्र समजलं. मी पुन्हा बाहेर गेले आणि पुन्हा तेच बोलले. परीक्षेत मी प्लास्टिकच्या दुष्परिणामांवर बोलले होते, घरून काम करण्याचे फायदे-तोटे सांगितले होते. धाप, फुप्फुस, पाणी, हे शब्दही मला येत होते. पण वाक्य जमत नव्हतं, आणि जमलं ते माफी मागितल्यासारखं बाहेर पडलं. मराठीत मी ओरडले असते. ‘अहो सिस्टर, आधी या इकडं!’ असं ओरडले असते आणि सगळा वॉर्ड पळाला असता. जर्मनमध्ये मला ओरडता येत नव्हतं.

मग मी खोलीत जाऊन घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. ३४. ऑक्सिजन ८४. नाडी १२८. बीपी १९० वर ११०. हात पुसायच्या कागदावर चार आकडे मोठे लिहिले आणि तो कागद गोळ्यांच्या ट्रेवर, तिच्या बोटांच्या खाली ठेवला. तिने वाचला आणि ती धावली. डॉक्टर आले, मास्क लागला, इंजेक्शन गेलं, पलंगासकट आजोबांना आयसीयूत हलवलं. मी दार धरून उभी होते.

ते जगले. काही दिवसांनी वॉर्डात परतही आले. पण मी पहिल्यांदा सांगितलं तिथपासून तो कागद ठेवेपर्यंतचा वेळ माझ्या डोक्यातून जात नाही. नोंदीत कुणी ओळखलं, कुणी कळवलं, तिथं तिचं नाव लागलं. ड्युटी संपताना ती म्हणाली, पुढच्या वेळी जोरात सांग.

तिचं चुकलं असं मी आजही म्हणते. हेल्परने दोनदा येऊन सांगितलं तर एकदा तरी उठून बघायला हवं. त्याच वेळी, अख्खा वॉर्ड तिच्या अंगावर होता, आणि मिरजेत नव्या पोरी चाचरत काही सांगायला आल्या की मी तरी दर वेळी मान वळवायचे का, हेही मनात येतं. दोन्ही खरं आहे. त्यातलं एक खोडून दुसरं ठेवायला मला अजून जमलेलं नाही.

मिरजेतली जी मी होते, तिच्याशी माझं अधूनमधून भांडण होतं. ती म्हणायची, त्यांच्याकडे नर्स नाहीत, त्यांना गरज आहे, मला काम येतं. भाषेचं काय, मामा तामिळ शिकलेच की. मी तिला म्हणते, सोनं वितळताना कुणाचा श्वास अडत नाही. ती म्हणते, हे सगळं आधी माहीत असतं तर तू गेलीच नसतीस. खाजगी दवाखान्यात १८,००० वर नाईट करत राहिली असतीस, पाटल्याही सुटल्या नसत्या. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिच्या अजाणतेपणामुळेच मी आज इथं आहे. पुढची परीक्षा दिली, नर्स म्हणून नोंद झाली, आता नोंदीखाली सही माझी असते आणि मला जोरात बोलता येतं.

मग पोरींना येऊ नका म्हणतेस का? नाही. या. पण करारावर सही करायच्या आधी तो मला पाठवा. त्यात ‘अमुक वर्षांच्या आत सोडलं तर एवढे युरो परत’ असं कलम आहे का ते मी बघेन. नोंदणी झाल्याच्या दिवसापासून नर्सचा पगार लिहिलाय का तेही बघेन. ज्या दवाखान्यांना सरकारी वेतनकरार लागू आहे तिथं हेल्पर पी-५ या पगाराच्या श्रेणीत आणि नर्स वरच्या पी-७ मध्ये असते. ती ओळ कागदावर असेल तर पुढं भांडता येतं. एवढं मी करते, रात्री बारालाही करते. एजंटाशी मात्र बोलणार नाही.

माझ्या चुलतबहिणीची मुलगी मिरजेत बी-वन, म्हणजे बी-टूच्या आधीची पातळी, झाली आहे. रविवारी आम्ही फोनवर फक्त पेशंटबद्दल जर्मन बोलतो. मी पेशंट होते, ती डॉक्टरला कळवते. मी मुद्दाम म्हणते, मला वेळ नाही, नंतर ये. मग तिने मला थांबवायचं. परवा ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मावशी, हे परीक्षेला येत नाही गं." आणि तिच्या आईला वाटतं की पोरीने येऊ नये म्हणून मी तिला घाबरवते. बहिणीला मी नाही म्हणून सांगितलं. खरं तर तेवढ्या खात्रीने मला ते सांगता येत नाही. तिने यावं असं मला वाटतं, आणि त्या संध्याकाळी त्या खोलीत ती असू नये असंही वाटतं. तिचं बी-टू मार्चमध्ये आहे.