गावातला फौजी एकटा पडू नये म्हणून

सातारा जिल्ह्यात माजी सैनिक नाही असं गाव शोधावं लागेल. अपशिंगे मिलिटरीचं नाव तर सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात उभा आहे. खटाव, माण, कोरेगाव, पाटण, कुठल्याही तालुक्यात जा, घरटी एक पलटण सांगणारा भेटतो. तरीही पेन्शनवर घरी आलेला जवान पहिल्या वर्षात सगळ्यात एकटा असतो, आणि हे त्याच्या घरच्यांनाही कळत नाही.

पेन्शनसाठी जवानाला किमान १५ वर्षांची सेवा लागते. म्हणजे बहुतेक जण चाळिशीच्या आसपास घरी येतात. इतकी वर्षं शेती भावानं पाहिलेली, घर बायकोनं चालवलेलं, पोरं बापाला सुट्टीपुरतीच ओळखणारी. हा पहाटे साडेचारला उठून बसतो आणि करायला काही नसतं. मग पोरांना फॉलइनच्या (परेडला रांगेत उभं करायच्या) आवाजात बोलणं, बांधावरून भावाशी बिनसणं आणि संध्याकाळी लष्करी कॅन्टीनमधली दारूची बाटली, ही वाट फार लवकर धरली जाते. अशा वेळी नातेवाइकांच्या उपदेशापेक्षा, दोन वर्षं आधी यातून गेलेला दुसरा फौजी जास्त उपयोगी पडतो. तो गाठायचा कसा, हे नीट सांगायला हवं.

सुरुवात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापासून करावी. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, पॅन, बँक पासबुक आणि फोटो घेऊन नावनोंदणी करायची. माजी सैनिकाचं ओळखपत्र तिथूनच मिळतं. त्याच फेरीत विचारायचं की आपल्या तालुक्यात कुठली माजी सैनिक संघटना चालू आहे आणि बैठक कुठं भरते. फलक असलेली प्रत्येक संघटना चालू असतेच असं नाही. काही फक्त १५ ऑगस्टला आणि निवडणुकीच्या तोंडावर जाग्या होतात. दर महिन्याला बैठक होते का, एवढ्या एका प्रश्नात खरं काय ते समजतं. दुसरी वाट पलटणीची. आपल्या युनिटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तालुक्याचं नाव टाकून विचारलं तर दोन-चार जण नक्की निघतात.

जवळपास काहीच नसेल तर आपणच बैठक सुरू करावी. आठ ते बारा माणसं पुरतात. वीसच्या वर गेली की भाषणं सुरू होतात आणि ज्याला खरं बोलायचंय तो मागं बसून घरी जातो. जागा शाळेची खोली, ग्रामपंचायतीचा हॉल किंवा देवळाचा मंडप. कुणाच्या घरी मात्र नको, कारण त्या घराशी ज्याचं पटत नाही तो येत नाही. पेन्शन महिनाअखेरीस जमा होते, त्यामुळे पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळे कॅन्टीनला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी उतरतातच. बैठक त्याच दिवशी ठेवली तर वेगळा एसटीचा खर्च पडत नाही. तारीख एकदा ठरली की बदलायची नाही. चार जण आले तरी बसायचं.

दोन नियमांवर मी अजिबात तडजोड करणार नाही. पहिला, बैठकीत आणि बैठकीनंतर दारू नाही. बराखान्याची (पलटणीतल्या एकत्र जेवणाची) आठवण सगळ्यांना असते, पण सोडायचा प्रयत्न करणारा माणूस तिथं आलेला असतो आणि एका पेगात त्याचे सहा महिने जातात. दुसरा, बसायचं गोल. सुभेदारसाहेबांना मान हवाच, त्यांना साहेबच म्हणायचं, पण टेबल-खुर्ची मांडून त्यांना समोर बसवलं की शिपाई आणि नाईक तोंड उघडत नाहीत. साहेब मंडळींनी हे मनावर घेतलं तर बैठक टिकते.

माणसं येतात ती कागदाच्या निमित्तानं, आणि ते निमित्त जपावं. ‘मला करमत नाही’ हे कुणी पहिल्या दिवशी सांगत नाही. ‘स्पर्शचं काहीतरी अडलंय’ हे मात्र सांगतो. स्पर्श म्हणजे लष्करी पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था. उदाहरणार्थ हयातीचा दाखला. पेन्शन स्पर्शवर गेल्यावरही सेवा केंद्रातला पोरगा जुन्या सवयीनं वितरण करणाऱ्याच्या जागी बँकेचं नाव निवडतो. दाखला निघतो, पावती मिळते, पण तो स्पर्शकडे पोचतच नाही आणि पेन्शन थांबते. मंजुरीच्या रकान्यात ‘डिफेन्स – पीसीडीए (पी) अलाहाबाद’ आणि वितरणाच्या रकान्यात ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’ असं निवडायचं. पीसीडीए म्हणजे लष्करी पेन्शनचं हिशेब कार्यालय. अलाहाबाद आता प्रयागराज झालं तरी यादीत जुनंच नाव शोधायचं. शेतीकामानं बोटांचे ठसे झिजले असतील तर मशीन ते घेत नाही. मग मोबाइलवर जीवन प्रमाण अ‍ॅपनं चेहऱ्यावरून दाखला काढायचा, उजेडात, टोपी काढून. हे एकाला जमलं की तो बाकीच्या दहांचं करून देतो, आणि देता देता बोलणं निघतं.

ज्यांना पेन्शनच नाही असे म्हातारे जवान गावोगाव आहेत आणि ते बैठकीला आपणहून येत नाहीत. त्यांना शोधून काढा. पासष्टीच्या पुढच्या, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या बिनपेन्शनी माजी सैनिकाला किंवा त्याच्या पत्नीला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मदत मिळते. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ती दरमहा ८,००० रुपये आहे, आधी ४,००० होती. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतच जातो.

आता ऐकण्याविषयी. एखादा बोलायला लागला की लगेच ‘अरे, आपण फौजी, असं खचायचं नसतं’ म्हणू नका. त्या वाक्यानं दार बंद होतं. झोप लागते का, जेवतोस का, बाटली किती दिवस जाते, असं साधं विचारा. मरणाची भाषा करत असेल तर ‘जीव द्यायचा विचार येतो का’ हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलल्यानं माणूस मोकळा होतो. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत, मराठीतही चालतो. फोन शेजारी बसून लावून द्या. आपल्याकडे बरेच जण बँकेत गार्ड आहेत आणि स्वतःची बारा बोअरची बंदूक घरी ठेवतात. अशा वेळी घरच्यांना विश्वासात घेऊन ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला लावा. हे काम दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. उपचारासाठी ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमधून मानसोपचाराचं रेफरल घेता येतं. ‘डोक्याचा डॉक्टर’ म्हटल्यावर माणूस बिचकतो, म्हणून पहिल्या खेपेला एकानं सोबत जावं.

संस्था नोंदवायची घाई करू नये. नोंदणीला सात जण लागतात, धर्मादाय कार्यालयात दरवर्षी हिशेब द्यावे लागतात, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज. तो राहिला की कागदोपत्री जुनेच पदाधिकारी राहतात आणि बँक खातं अडतं. वर्षभर बैठक नियमित भरली तरच या वाटेला जावं. भिशी आणि उसनवारी मात्र कधीच नको. पैशावरून फाटलेला ग्रुप परत शिवता येत नाही.

वीरनारी (शहीद जवानांच्या पत्नी) आणि इतर फौजींच्या विधवा यांना अशा बैठकीत कोपऱ्यात बसवलं जातं, ते थांबायला हवं. त्यांची बैठक दुपारी ठेवा आणि ती त्यांच्यातल्याच एकीला चालवू द्या. त्यांचं सगळ्यात मोठं दुखणं नावाचं असतं. पीपीओवर ‘लक्ष्मी’, आधारवर ‘लक्ष्मीबाई’, जन्मतारीख तिसरीच. नवरा हयात असताना त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करून हे दुरुस्त करणं सोपं जातं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे इंजिनिअर्सचं खडकीला. म्हणून प्रत्येक बैठकीत दोन घरांचे पीपीओ आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आणि एखादा साथी गेला तर दहाव्याच्या आत बैठकीतल्या दोघांनी घरी जाऊन वहिनींना दोन गोष्टी सांगाव्यात: मृत्यू दाखल्याच्या निदान दहा प्रती काढून ठेवा, आणि त्याच्या नावावर पुढच्या महिन्यात पेन्शन आली तर एटीएममधून काढू नका. ती रक्कम नंतर वसूल होते, आणि तोवर ती बाराव्या-तेराव्याला खर्च झालेली असते.