सुधारणा आवश्यक: अक्षर

आठवीच्या गणिताच्या गुणयादीत एका मुलीच्या नावासमोर 15 लिहिले आणि पेन खाली ठेवलं. वार्षिक परीक्षा तोंडी धरून 60 गुणांची, उत्तीर्ण व्हायला 21 हवेत. सवलतीचे गुण एका विषयाला जास्तीत जास्त पाचच देता येतात. म्हणजे 20. एक कमी.

शेजारच्या टेबलावरून आमचे एक सर म्हणाले, "बाई, तोंडीत सात दिलेत ना? आठ करा. कशाला कटकट?"

बाहेरच्यांना हे वाचून धक्का बसेल, पण कुठल्याही शिक्षकखोलीत हे वाक्य कुणी आवाज खाली करून बोलत नाही. मीही गेली कित्येक वर्षं असे एक-दोन गुण वर-खाली केलेत. या वेळी मात्र हात चालेना. का, ते पुढे येईल.

आधी ही श्रेणींची भानगड सांगते, कारण पालकांना ती कुणी नीट सांगत नाही. निकाल हातात पडला की ते "कितवा नंबर?" विचारतात, आम्ही "नंबर नसतो आता" म्हणतो आणि संभाषण संपतं. 91 पासून वर अ-1, 81 पासून अ-2, 71 ला ब-1, 61 ला ब-2, 51 ला क-1, 41 ला क-2, 33 ला ड, त्याखाली इ-1 आणि 20 किंवा त्याहून कमी असेल तर इ-2. इथपर्यंत कुणालाही कळतं. खरी मेख त्या शंभरात आहे. हे शंभर एका पेपरचे नसतात. सातवी-आठवीत 40 गुण आकारिकचे, म्हणजे सत्रभर वर्गात जे चालतं त्याचे, आणि 60 संकलितचे, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे. पहिली-दुसरीत आकारिक 70, तिसरी-चौथीत 60, पाचवी-सहावीत निम्मं-निम्मं. मूल वरच्या वर्गात जातं तसा पेपरचा भार वाढत जातो. घरी मात्र दरवर्षी तसंच प्रगतिपत्रक आणि तीच अक्षरं. तिसरीतला ब-2 आणि सातवीतला ब-2 एकच नव्हे, हे पालकांनी ओळखायचं तरी कशावरून?

आकारिक ही वाईट गोष्ट नाही, उलट माझा त्यावर जीव आहे. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनं असतात, त्यांतली किमान पाच वापरायची. माझ्या नोंदवहीत प्रत्येक मुलाचं अर्धं पान असतं. कोण फळ्यापाशी येऊन गप्प होतं आणि बाकावर बसून बरोबर सांगतं, हेसुद्धा मी लिहून ठेवते. आमच्याकडे सगळेच असं करत नाहीत, हेही सांगून टाकते.

तर ही मुलगी. सातवीच्या दुसऱ्या सत्रातलं तिचं पान मी उघडलं. स्वाध्याय 10 पैकी 10, वही बघत राहावी अशी. उपक्रम 10 पैकी 10. प्रात्यक्षिक 5 पैकी 5. तोंडी 5 पैकी 4. पुस्तक उघडं ठेवून घेतलेल्या चाचणीत 10 पैकी 8, आणि त्या आठाचा गिरवून नऊ केलेला. हात माझाच. आकारिक 37 होते, संकलित 60 पैकी 23. बेरीज 60, म्हणजे क-1. आठाचा नऊ केला की 61, म्हणजे ब-2. मुलगी गुणी, रोज येणारी, "क" बघून हिरमुसेल म्हणून मी ते केलं होतं. वाईट हेतू नव्हता. पण त्या ब-2 च्या पोटात 23 होते आणि ते प्रगतिपत्रकावर कुठेच दिसत नव्हते.

म्हणून मी आठवीच्या तोंडीतले सात ते सातच ठेवले.

1 मेला झेंडावंदन झाल्यावर तिची आई आली. साड्यांना फॉल-पिको करतात त्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात पाचवीपासूनची प्रगतिपत्रकं. भांडायला आल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी पत्रकं टेबलावर ओळीने मांडली आणि म्हणाल्या, "बाई, मी नववीपर्यंतच शिकलेय. यात नापास कुठं लिहिलंय ते दाखवा."

लिहिलेलं नव्हतंच. "सुधारणा आवश्यक" या रकान्यात तीन वर्षांत सहा वेळा जवळपास एकच वाक्य होतं: अक्षर वळणदार काढावे. त्यातली दोन माझ्या हातची. या नोंदींची तयार यादी दर सत्राला ग्रुपवर फिरते. वर्गात पन्नास पोरं, प्रत्येकाच्या तीन-तीन नोंदी, रात्री अकरा वाजता माणूस यादीतलं वाक्य उचलतो. अक्षराबद्दल लिहिलं की कुणी दुखावत नाही.

"तुम्ही अक्षर म्हणालात," त्या म्हणाल्या, "म्हणून दोन सुट्ट्या तिला रोज पानभर शुद्धलेखन लिहायला लावलं. गणिताचं कुणी बोललंच नाही."

मी उत्तरपत्रिका काढली. अक्षर मोत्यासारखं होतं. ती मुलगी आईच्या मागे उभी होती. मी कागदावर 5 − (2 − 6) लिहून तिच्यापुढे सरकवला. तिने सुबक आकड्यांत उत्तर लिहिलं: −3. मी म्हटलं, "आधी कंस सोडव." कंसात −4 आलं. मग 5 मधून −4 वजा करताना ती थांबली, बोटं हलली, 1 लिहिलं. बरोबर उत्तर 9. पेपरातल्या बैजिक राशींच्या वजाबाकीत तिचे सगळे गुण याच जागी गेले होते. सहावीतल्या पूर्णांक संख्या. दोन वर्षं ती फळ्यावरून बरोबर उतरवत होती आणि मी वहीला दहापैकी दहा देत होते.

"एवढंच?" आईने विचारलं.

एवढंच नव्हतं, अपूर्णांकही होते. पण सुरुवात तिथूनच होती. मी त्यांना पुनर्परीक्षेचं सांगितलं. त्यांनी पत्रकं परत पिशवीत भरताना विचारलं, "मग वर्गातले वेगळे आणि परीक्षेतले वेगळे, असे दोन आकडे का नाही देत? दोन आकडे वाचता येतात मला."

मी काहीतरी शासनाच्या नमुन्याचं बोलले. "ना-नापास धोरणानं वाटोळं केलं" असंही बोलून गेले. ते आम्हा सगळ्यांच्या तोंडी बसलेलं वाक्य आहे. खरं तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मुळात आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवू नका म्हटलं होतं. त्याला काय येत नाही ते घरी कळवू नका, असं कुठे म्हटलं होतं?

मे महिन्यात ती सकाळी माझ्याकडे येत होती. जूनच्या पुनर्परीक्षेत 26 मिळाले. नववीत गेली. तरी मला वाटत राहतं की एप्रिलमध्ये सातचे आठ केले असते तर तिची सुट्टी गेली नसती, मैत्रिणींसमोर मान खाली गेली नसती, आणि नववीत मी तिला तेच शिकवलं असतं. शिकवलं असतं का, हे मात्र मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

यंदा पहिल्या सत्राच्या नोंदी आल्या तेव्हा ग्रुपवर तीच यादी पुन्हा पडली. मी सातवीच्या एका मुलासमोर लिहिलं: कंसाबाहेर वजा असेल तर आतलं दुसरं चिन्ह बदलायला विसरतो, आकारिक 35, संकलित 22. रकान्यात मावेना, म्हणून उरलेलं मागच्या बाजूला लिहिलं. सह्या करताना मुख्याध्यापकांनी पत्रक उलटं करून पाहिलं. "बाई, मागचं कोण वाचणार?"

मी म्हटलं, "सही पुढेच आहे, सर."