लूपलाइनवरची मालगाडी आणि माझा जबाब

कोकण रेल्वेच्या कडेला आंब्याची कलमं असलेल्या माणसाला उभी मालगाडी काही नवी नाही. रोहा ते वीर हा टप्पा २०२१ साली दुहेरी झाला, पण आमच्या सिंधुदुर्गात अजून एकच रूळ. समोरून मांडवी किंवा जनशताब्दी यायची असली की मालगाडी लूपलाइनवर, म्हणजे स्थानकातल्या बाजूच्या रुळावर घेतात आणि मग ती किती वेळ उभी राहील याचा नेम नसतो. इंजिन लांब पुढे, गार्ड लांब मागे. (गार्डला २०२२पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात.) मधले डबे कुणाच्याच नजरेत नसतात.

आंबा धरला होता, म्हणून वानर राखायला मी दुपारचा बागेत होतो. कणकवली ते कुडाळ पट्ट्यातलं हे एक छोटं स्थानक, नाव लिहीत नाही. दोन डब्यांच्या मध्ये तीन पोरं शिरलेली दिसली. उभ्या गाडीखालून पलीकडे जाणारे बरेच असतात. तेही धोक्याचंच, पण ही पोरं जात नव्हती. एकजण वाकून नळीपाशी काहीतरी फिरवत होता. दुसऱ्याने डब्याच्या कोपऱ्यातून आडवा आलेला लोखंडी दांडा वर उचलून धरला होता. तिसरा मोबाइलवर शूटिंग करत होता. मी ओरडलो तशी ती हसत करवंदीच्या जाळ्यांतून वर पळाली.

तेवढ्यात समोरची गाडी धडधडत निघून गेली. म्हणजे आता मालगाडीलाच सिग्नल मिळणार. मी आधी स्टेशनात फोन लावला आणि नंतर १३९ या रेल्वेच्या हेल्पलाइनला. लोकांना नक्की सांगावंसं वाटतं ते इथेच. ‘बागेजवळ’, ‘वळणाजवळ’ असं सांगून समोरच्याला काही कळत नाही. रुळाच्या कडेच्या विजेच्या प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक रंगवलेला असतो, तो वाचून दाखवायचा. मी तो वाचला आणि स्टेशन मास्तरांनी एक शब्द जास्त न विचारता सिग्नल लालच ठेवला. वॉकीटॉकीवरून लोको पायलटला थांबायला सांगितलं.

ट्रेन मॅनेजर मागून चालत आले. वय माझ्याएवढंच असेल, खडीवरून चालून घामाघूम झाले होते. मी जागा दाखवली. ते खाली बसले, नळीला हात लावला आणि काही क्षण नुसते बघत राहिले. मग मला म्हणाले, “इकडे या, बघा.”

दोन डब्यांच्या मध्ये रबरी नळीची जोडणी असते आणि नळीच्या दोन्ही टोकांना एकेक कॉक. कॉकचं हँडल पाइपच्या रेषेत असलं की हवा चालू, आडवं केलं की बंद. तिथली दोन्ही हँडलं आडवी होती. नळी मात्र जागच्या जागी जोडलेली. वरून बघणाऱ्याला काही बिघडलंय असं वाटलंही नसतं. आणि दांडा उचलल्यामुळे कपलिंगचं, म्हणजे दोन डबे जोडणाऱ्या सांध्याचं कुलूपही सुटलेलं होतं.

यातलं भयंकर काय ते त्यांनी तिथेच समजावून सांगितलं. मालगाडीचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एकच नळी जाते, तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब ठेवलेला असतो. दाब भरला की ब्रेक सुटतात, कमी झाला की लागतात. म्हणून कुणी नळी उपसली तर हवा मोठ्याने फुसकन बाहेर जाते, सगळ्या गाडीचे ब्रेक लागतात आणि गाडी हलतच नाही. तो उपद्रव आहेच, पण गाडी आपली आपण सावध होते. कॉक बंद करणं ही वेगळी गोष्ट. त्याला आवाज नाही. निघायच्या तयारीत लोको पायलटने दाब भरलेला होता, तो मागच्या अर्ध्या गाडीत तसाच कोंडला. आता पुढे त्याने कितीही ब्रेक मारला तरी मागच्या डब्यांना तो पोचणार नाही. वर कपलिंग सुटलेलं. गाडी ओढताच पुढचा भाग निघून गेला असता आणि मागचा, ब्रेक सुटलेला, सुटा राहिला असता. भरलेला एक डबा ८० टनांच्या आसपास असतो. आमच्या मार्गावर चढ १५०ला १पर्यंत आहेत. डोळ्यांना तो चढ दिसतही नाही, पण तेवढा उतार सुटे डबे मागे घरंगळायला पुरेसा असतो.

“असं झालं असतं तर मला ब्रेक व्हॅनमधला, म्हणजे माझ्या शेवटच्या डब्यातला व्हॉल्व्ह उघडून ब्रेक लावता आला असता,” ते म्हणाले, “पण गाडी तुटलीय हे वेळेत लक्षात आलं तर. रात्री, पावसात, कुठे कळतं?”

त्यांनी कपलिंग बसवलं, कॉक उघडले, मग परत मागे जाऊन ब्रेक व्हॅनमधून दाब उतरवला. पुढे इंजिनातला दाबाचा काटा खाली आला असं लोको पायलटने कळवलं. म्हणजे हवा टोकापासून टोकापर्यंत सलग आहे याची खात्री झाली. मगच गाडी निघाली.

इथून पुढचं मात्र वेळखाऊ होतं. एका ठिकाणी सांगितलं, ही रेल्वेची बाब, आरपीएफकडे (रेल्वे सुरक्षा दलाकडे) जा. आरपीएफने सांगितलं, रेल्वे कायद्याची १५० ते १५२ ही कलमं पोलिसांकडे असतात, गुन्हा ते दाखल करतील. दुसऱ्या एका साहेबांनी तर विचारलं, “गाडी सुखरूप गेली ना? मग आता काय?” मला त्याचा राग आला आणि अजून येतो. कलम १५० वाचून बघा. गाडीला घातपात करण्याचा प्रयत्नसुद्धा तिथे गुन्हा आहे. शिक्षा जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी. अपघात होईपर्यंत थांबा असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. शेवटी स्टेशन मास्तरांचा लेखी मेमो गेला आणि त्यावर गुन्हा नोंद झाला. फिर्याद रेल्वेची, मी साक्षीदार.

पंचनाम्याला गावातलेच दोघे पंच होते, मी फक्त जागा दाखवली. मोबाइलवर सगळ्याचं चित्रीकरण झालं, आता नव्या कायद्यात तसं करतात. माझा जबाब पोलिसांनी लिहून घेतला, पण खाली सही घेतली नाही. मी विचारलं तेव्हा कळलं की तपासातल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते. जबाब मात्र वाचून घ्यावा. मी म्हटलं होतं ‘तीन पोरं’ आणि कागदावर आलं होतं ‘तीन-चार इसम’. ते मी दुरुस्त करून घेतलं.

पोरं सापडली ती त्यांच्याच शूटिंगमुळे. व्हिडिओ फिरला होता. दोघं सज्ञान, एक अठराच्या आतला, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेलं. त्याच्याबद्दल मी इथे काहीही लिहिणार नाही, लिहूही नये. नायब तहसीलदारांसमोर ओळख परेड झाली. एकाला मी ओळखलं. दुसऱ्याबद्दल खात्री नव्हती, तसं सांगितलं. उगाच बोट दाखवणं मला पटलं नसतं.

त्याच आठवड्यात एका पोराचा बाप घरी आला. शेजारच्या वाडीतला, माझ्या वडिलांच्या बरोबरीचा. ओटीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “पोरां ती. रील काढूक गेली. तू कित्याक मधी पडतंस?”

मला त्याची कणव आली, खोटं सांगत नाही. कोर्टकचेरीचा खर्च त्याला झेपणारा नाही. पण मला घामाघूम झालेला तो ट्रेन मॅनेजर आठवत होता. मी म्हटलं, “काका, मी जां बघलंय तांच सांगलंय. शेवटच्या डब्यात जो माणूस एकटो बसता, तेकाय पोरां आसतत.” ते काही बोलले नाहीत. मी त्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मिळू शकतो हे सांगितलं आणि अर्ज कुठे करायचा तेही लिहून दिलं. नंतर वाडीत काहींनी माझ्याशी बोलणं कमी केलं. आमच्याकडे २००३ साली वैभववाडीजवळ डोंगर रुळावर येऊन गाडी घसरली, ५०हून जास्त माणसं गेली. ज्यांनी ती रात्र पाहिली ते म्हातारे मात्र आपणहून येऊन मला ‘बरां केलंस’ म्हणून गेले.

ओरोसच्या कोर्टात माझी साक्ष झाली. बचावाच्या वकिलांनी विचारलं, तुम्हाला रेल्वेचं तांत्रिक ज्ञान आहे का? नाही, म्हटलं. मग कॉक बंद होता हे कशावरून म्हणता? मी सांगितलं की हँडल आडवं होतं एवढं मी पाहिलं, त्याचा अर्थ ट्रेन मॅनेजर सांगतील. न्यायाधीशांनी ते तसंच लिहून घेतलं. पुढच्या तारखेला ट्रेन मॅनेजरांची साक्ष आहे.