प्रूफात अडकलेली माझी पहिली कादंबरी

कादंबरी छापून आली, दुकानाच्या काउंटरवर मांडली, गावातल्या लोकांनी पैसे देऊन घेतली. तरी प्रूफांचा, म्हणजे छपाईआधी तपासायला येणाऱ्या पानांचा, राग अजून गेलेला नाही. ज्यांचं पहिलं पुस्तक वऱ्हाडीत, झाडीबोलीत किंवा आणखी कुठल्या बोलीत आहे, त्यांना तरी याचा उपयोग व्हावा म्हणून लिहितोय.

कादंबरी कशाची आहे ते आधी सांगतो, त्याशिवाय राग कळायचा नाही.

मी दर्यापूर तालुक्यातला, गावात कृषी सेवा केंद्र चालवतो. कादंबरीतलं पोरगं चार वर्षांचं, आमच्याच खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागातलं. एक दिवस ते आईला म्हणतं, "हे मायं घर नाई. मायं घर रुयाच्या बाजूले हाय." त्याला आठवतं ते शकुंतलेच्या रुळावर राबणाऱ्या एका गँगमनचं आयुष्य. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला जाणारी ती नॅरोगेज गाडी, आता बंद पडलेली. हा गँगमन मूळचा भंडाऱ्याकडचा, झाडीपट्टीतला. त्यामुळे पोरगं एरवी वऱ्हाडी बोलतं आणि मागचं काही आठवलं की झाडीबोलीवर जातं. आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो, तिकडे 'र' होतो. 'डोया' म्हणणारं पोरगं अचानक 'डोरा' म्हणतं. घरातल्या कुणीही भंडारा पाहिलेला नाही. मागच्या जन्माचा पुरावा म्हणून कादंबरीत एवढंच आहे. ना अंगावर खूण, ना पुरलेलं सोनं.

भाषेचा हा धागा नागपूरच्या एका प्रकरणावरून सुचला. १९७४ मध्ये तिथली एक उच्चशिक्षित मराठी बाई मधूनमधून स्वतःला शारदा म्हणवू लागली आणि जुन्या वळणाची बंगाली बोलू लागली. तेवढ्या काळात तिला मराठी कळेना. व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी हे प्रकरण अभ्यासलं. तिने आधी थोडी बंगाली शिकलेली होती, असा आक्षेपही त्यावर आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. स्टीव्हन्सन यांच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट मिळाली. अशी मुलं साधारण दोन ते चार वर्षांच्या वयात मागचं बोलायला लागतात आणि पाच ते आठ वर्षांपर्यंत विसरून जातात. म्हणजे माझ्या पोराकडे वेळ थोडा होता. तो विसरायच्या आत त्या रुळाजवळच्या घरापर्यंत पोचायचं, यावर अख्खं कथानक उभं राहिलं.

पुनर्जन्मावर लिहिणाऱ्यांना एक सांगतो. पहिलं हस्तलिखित न मानणाऱ्या माणसाला वाचायला द्या. माझा वर्गमित्र बौद्ध आहे, त्याच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतलेली. त्यानं वाचून सरळ विचारलं, "आत्माच नाई, तर जन्म कोनाचा झाला रे?" त्या प्रश्नानं माझी शेवटची तीन प्रकरणं बदलली. पोराला खरंच आठवतं की त्यानं कुठूनतरी ऐकलंय, हे मी मोकळंच ठेवलं. त्या मित्रानंच भोंदूबाबाच्या प्रकरणासाठी कायदा दाखवला. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, 'मागच्या जन्मी तू माझी बायको होतीस' असं सांगून बाईशी संबंध ठेवणं हा गुन्हा म्हणून नोंदवलेला आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. माझा बाबा तिथंच अडकतो.

लिहिण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उन्हाळ्यात दुकानात गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा लिहिलं. प्रकाशकही मिळाला, एका मोठ्या शहरातला. पैसे न मागणारा मिळाला, हे माझं भाग्य समजतो. कारण त्याआधी 'पॅकेज' सांगणारे पुष्कळ भेटले. त्यात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या तेरा आकडी ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे लावलेले होते. भारतात आयएसबीएन दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी देते आणि ते मोफत असतं. लेखक स्वतः प्रकाशक असेल तर त्यालाही मिळतं. त्या तेरा आकड्यांचे कुणी पैसे मागत असेल तर कशाचे मागतोय ते विचारा.

आता प्रूफ.

हस्तलिखित मी तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलं होतं, जुन्या फॉन्टमध्ये. तहसीलसमोरच्या सगळ्या दुकानांत अजून तेच फॉन्ट चालतात. प्रकाशकाला युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर तसंच वाचता येणारं टायपिंग, हवं होतं. त्यांनी कन्व्हर्टरमधून काढलं आणि पहिल्याच पानावर 'वऱ्हाड'चं 'वर्हाड' झालं. 'ऱ्ह', 'ऱ्य' ही अक्षरं बदलताना मोडतात. 'पऱ्हाटी', 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यानं', सगळीकडे रफार डोक्यावर चढला. हे मी समजू शकतो, यंत्राचं काम आहे. तुम्ही फाइल देण्याआधी एवढं करा: कन्व्हर्ट झालेल्या मजकुरात 'र्ह' आणि 'र्य' शोधा, जिथं चुकलं असेल तिथं 'ऱ्' घाला. 'सूर्य', 'कार्य' बरोबर असतात, म्हणून एकेक बघूनच बदला, सरसकट नको.

सरसकट बदल काय करतो, ते मला पुढच्या पानांवर दिसलं.

त्यांच्याकडे मुद्रितशोधनाला कुणीतरी होतं. त्या व्यक्तीनं माझी वऱ्हाडी अशुद्ध समजून शुद्ध करायला घेतली, आणि ती वाचून नव्हे, शोधा-बदलाची आज्ञा देऊन. 'मले'चं 'मला' केलं, तर 'पैसे जमले'चं 'पैसे जमला' झालं. 'पानी'चं 'पाणी' केलं, तर गँगमनच्या भावाची 'जपानी भातशेती' 'जपाणी भातशेती' झाली. 'नाई'चं 'नाही' केलं, तर रेल्वेचा मुकादम नाईक पुस्तकभर 'नाहीक' झाला. त्याच्या मरणाच्या प्रसंगातसुद्धा 'नाहीक'.

यानं चीड आली, पण हे दुरुस्त होण्यासारखं होतं. खरा घाव एकोणिसाव्या प्रकरणात होता. पोरगं आजीच्या मांडीवर पडलेलं आहे. आजी त्याच्या डोळ्यात काजळ घालते आहे. ते म्हणतं, "आजी, डोरा दुखते." आजीचं बोट तिथंच थांबतं. तिच्या माहेरी, सासरी, अख्ख्या पंचक्रोशीत असं कुणी बोलत नाही. पहिल्यांदा तिला पोराची भीती वाटते. प्रूफमध्ये पोरगं म्हणत होतं, "आजी, डोळा दुखतो." आणि पुढच्या ओळीत आजीचं बोट थांबत होतं. कशाला थांबतंय? डोळा दुखतो म्हणून? कादंबरीचा पुरावाच कुणीतरी पुसून टाकला होता आणि वरून बाजूला 'शुद्धलेखन तपासले' असं लिहिलं होतं.

ही प्रूफं आली जूनमध्ये. मृग बरसलेला, दुकानासमोर कपाशीच्या बियाण्यासाठी रांग, जो तो विशिष्ट वाणाचंच पाकीट मागतोय, आणि प्रकाशकाचा निरोप, की आठ दिवसांत दुरुस्त्या कळवा, नाहीतर छपाईचा नंबर पुढे जाईल. पीडीएफ दिलेली, तिच्यात लिहायची सोय नाही. पान क्रमांक, ओळ क्रमांक, चूक, दुरुस्ती असा तक्ता करून पाठवायचा. रात्री शटर अर्धं ओढून मी तो तक्ता लिहीत बसायचो. बाहेरून कुणी हाक मारली की युरिया काढून द्यायचा आणि परत ओळी मोजायच्या.

तक्ता पाठवला. दुसरं प्रूफ आलं. निम्म्या दुरुस्त्या झालेल्या, निम्म्या नाहीत, आणि जिथं मी 'डोरा' परत लिहायला सांगितलं तिथं 'डोया' घातलेलं, कारण इतर पानांवर 'डोया' आहे म्हणे. फोन केला की दर वेळी वेगळा आवाज. एक जण म्हणाले, "सर, ग्रामीण टच राहतोच आहे, दोन-चार शब्द ठेवलेत ना." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "वाचकांना कळायला हवं की नको?" मी म्हटलं, ताई, आमच्याकडं लोक तुमच्या गावची मराठी लहानपणापासून वाचतात आणि समजून घेतात. पुस्तकं, पेपर, टीव्ही, सगळं. एक पुस्तक तुमच्या वाचकांनी आमच्या बोलीत समजून घेतलं तर काय बिघडलं? त्यावर फोनवर शांतता, आणि "सरांशी बोलून कळवते."

कळवलं नाही. पावसाळा गेला, बोंडं फुटली, वेचणी लागली, दिवाळी झाली. मी फोन करायचो, 'काम सुरू आहे' ऐकायचो. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना सांगायला नको, की त्या काळात नवं काही लिहून होत नाही. माणूस फक्त फोनकडे बघतो.

गाठ सुटली ती अगदी साध्या मार्गानं, आणि तोवर तो मला कुणीही सांगितला नव्हता. गावातल्या निवृत्त मराठीच्या गुरुजींनी सुचवलं, की चुका नको कळवू, नियम कळव. आम्ही दोघांनी बसून एक पानभर नियम लिहिले. संवादात कुठले शब्द कोण बोलतं, पोरगं कधी 'य'वर असतं आणि कधी 'र'वर, कुठल्या प्रकरणांत बदल होतो, निवेदन मात्र प्रमाण मराठीतच का ठेवलंय. खाली ठळक अक्षरात लिहिलं, की अवतरणचिन्हांच्या आतल्या मजकुराला शोधा-बदल लावू नये. आणि हे पान संपादकांना पाठवलंच, पण नंबर मिळवून सरळ पानं लावणाऱ्या माणसालाही पाठवलं. त्यांचा त्याच संध्याकाळी फोन आला. म्हणाले, "साहेब, मला नियम द्या, मी पाळतो. मला आजवर नियमच कुणी दिला नव्हता. मला नुसत्या चुका येत होत्या." त्यांनी माझी मूळ फाइल घेतली, सगळे संवाद तिच्यातून परत भरले. पुढचं प्रूफ आलं तेव्हा मी आधी एकोणिसावं प्रकरण उघडलं. "आजी, डोरा दुखते." दुकानात एकटाच होतो, तरी मोठ्यानं वाचलं.

म्हणून सांगतो, हस्तलिखितासोबत पहिल्याच दिवशी असं एक पान द्या. आणि करारात एक वाक्य घालून घ्या: 'संवादातील बोलीभाषा लेखकाच्या लेखी संमतीशिवाय बदलली जाणार नाही.' आमच्या छापील करारात रॉयल्टी होती, प्रती होत्या, न्यायालय कुठलं तेही होतं, हे नव्हतं. दुसऱ्या आवृत्तीच्या करारात मी ते घालून घेतलंय आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

राहिलेल्या गोष्टी, आठवतील तशा. शहरी वाचकांसाठी पुस्तकाच्या मागे शब्दार्थ द्या, असा आग्रह झाला. मी नाही म्हणत होतो. पण पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यात, म्हणजे एकदम छापल्या जाणाऱ्या गठ्ठ्यात, छापतात आणि शेवटच्या फर्म्यात पानं कोरी उरत होती. तिथं शब्दांच्या यादीऐवजी दोन्ही बोलींवर एक टिपण लिहिलं. वाचकांचे सगळ्यात जास्त फोन त्या टिपणावर येतात. तुमचीही पानं उरतायत का, ते विचारून ठेवा, ती जागा फुकट असते.

कॉपीराइटसाठी धावाधाव करू नका. लिहिल्या क्षणी हक्क तुमचा असतो, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. नोंदणी ऐच्छिक आहे, वाद झाला तर पुराव्याला कामी येते. प्रकाशक मिळतच नसेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तिची जाहिरात निघाली की अर्ज करा. बोलीतल्या लेखनाबद्दल सल्ला हवा असेल तर जवळच्या विदर्भ साहित्य संघाच्या शाखेत जाऊन बसा. १९२३ पासूनची संस्था आहे, बोलीत लिहिणारी माणसं तिथं भेटतात.

आणि प्रूफ कधी येणार ते आधीच विचारून घ्या. शेती किंवा शेतीवरचं दुकान असेल तर स्पष्ट सांगा, की जून आणि जुलैमध्ये पाठवू नका. मी आता पुढच्या कादंबरीसाठी फेब्रुवारी लिहून घेतलाय.