तुम्ही विचारलंत म्हणून : देवाला सारे ठाऊक असताना सांगायचे कशाला?

माझी देवावर श्रद्धा आहे हे ज्यांना माहीत आहे, ते मला एक प्रश्न वारंवार विचारतात. देव सर्व काही जाणतो असे मानत असाल, तर मुलाचा ताप, थकलेला हप्ता, वरिष्ठांशी झालेला खटका असल्या रोजच्या गोष्टी त्याच्यापुढे मांडायच्या कशाला? प्रश्न रास्त आहे. विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा स्वतःच एखाद्या विवंचनेत असते, म्हणून त्याचे उत्तर घाईने देणे मला बरे वाटत नाही.

प्रार्थनेतून देवाला काही नवे कळते असे मी मानत नाही. कळते ते मला. पैशांची चिंता म्हणून जे मी सांगू लागते, त्याच्या तळाशी पुष्कळदा चारचौघांत मान खाली जाण्याची भीती असते, आणि राग म्हणून जे बोलते, त्यात दुखावलेपणच अधिक असते. माणसांपुढे आपण या गोष्टी थोड्या सावरून, थोड्या झाकून सांगतो. ज्याच्यापासून काहीच लपलेले नाही, त्याच्यापुढे सावरासावर करण्याचे कारण उरत नाही. त्यामुळे ‘देवाला सारे ठाऊक आहे’ याच आधारावर मी त्याच्याशी निर्धास्तपणे बोलू शकते.

हे बोलणे नेहमी शांत आणि कृतज्ञच असले पाहिजे, असा समज अनेकांना प्रार्थनेपासून दूर ठेवतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात पत्नीला अन्नावाचून गमावलेल्या तुकोबांनी आपल्या अभंगांतून विठ्ठलाशी उघड भांडण मांडले, पण त्याच्याशी बोलणे सोडले नाही. बायबलमधील १५० स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत, आणि ८८वे स्तोत्र तर कोणताही दिलासा न मिळता अंधाराच्या उल्लेखावरच संपते. तक्रार करण्यासाठीसुद्धा ऐकणारा कोणीतरी आहे असे मानावे लागते, म्हणून मी तिला श्रद्धेतच धरते.

मागितलेले मिळाले नाही तर काय, हा पुढचा प्रश्न याहून अवघड आहे. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा अशी विनवणी एकदा नव्हे, तीनदा केली. तो टळला नाही. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे शब्द आपण फार सहज उच्चारतो, पण तेथे ते स्वतःची इच्छा स्पष्टपणे सांगून झाल्यावर आले आहेत, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. इच्छा न सांगताच सोडून देणे हा विश्वास नसून पुष्कळदा निराशाच असते. माझ्याही काही प्रार्थनांना मला हवे होते ते उत्तर मिळाले नाही, आणि त्यामागचे कारण मला कळले आहे असा दावा मी करणार नाही. मात्र त्या काळात मी एकटी नव्हते, एवढे खात्रीने सांगू शकते.

प्रार्थनेनंतर औषध द्यायचे असते, हप्त्याविषयी बोलायचे असते, माफीही मागायची असते; ते काम देवावर ढकलता येत नाही. तुम्हाला सुरुवात करायची असेल, तर मोठ्या शब्दांची वाट पाहू नका. आज ज्या गोष्टीने झोप उडवली आहे, तिचे नाव घेऊन ती त्याला जशीच्या तशी सांगा.